बाबांची गोळी, कापलेली स्ट्रिप आणि एक फॉर्म

बाबा बाथरूममध्ये पडले, डोक्याला मार लागला आणि त्याच रात्री त्यांना फिट आली. हॉस्पिटलमध्ये फेनिटॉइन हे फिटचं औषध सुरू झालं. आठवड्याभराने त्यांना कोथरूडला घरी आणलं. गोळी सुरू होऊन तीन आठवडे होत आले आणि त्यांना ताप भरला. मग छातीवर लाल पुरळ, मग चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. पावसाळ्याचे दिवस. सगळी सोसायटी डेंग्यू म्हणत होती, मीही तेच धरून बसले होते.

पुन्हा ॲडमिट केलं, तेव्हा रेसिडेंट डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न गोळ्यांचा केला. कुठली, कधीपासून, मध्ये नवीन काही दिलंत का? डेंग्यू निगेटिव्ह आला. रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले, लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले. ही औषधाचीच रिॲक्शन वाटते आणि ती औषध सुरू झाल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी येते, म्हणून गोळीवर कुणाचा संशयच जात नाही, असं त्या म्हणाल्या. फेनिटॉइन त्याच दिवशी बंद झालं, दुसरं औषध आणि स्टेरॉइड सुरू झालं.

डिस्चार्ज कार्डावर मात्र नुसतं ‘औषधाची ॲलर्जी’! कुठल्या औषधाची? पुन्हा फिट आली आणि दुसऱ्या डॉक्टरांनी तेच औषध इंजेक्शनने दिलं तर? मी काउंटरवरून हलले नाही. फेनिटॉइनचं नाव लिहून घेतलंच, शिवाय कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोनही टाळायचं, हेसुद्धा. ही सगळी फिटचीच, एकाच घरातली औषधं, एकाला अंग असं उठलं तर दुसऱ्यालाही उठू शकतं.

मॅडम म्हणाल्या, “आम्ही रिपोर्ट करतोच, पण तुम्हीही करू शकता.” हे मला ठाऊकच नव्हतं. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेकडून चालतो. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो, 1800-180-3024 या टोल-फ्री नंबरवरही सांगता येतं. औषधानेच झालं हे सिद्ध करायची गरज नाही, संशय पुरेसा असतो. रुग्णाच्या नावाची फक्त आद्याक्षरं लिहायची. डॉक्टरांवर तक्रार नव्हे ही, हे आईला समजावायला मला अर्धा तास लागला.

फॉर्म भरताना अडले ते बॅच नंबरपाशी. मेडिकलवाल्या काकांनी दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कात्रीने कापून दिल्या होत्या. नंबर राहिला त्यांच्याकडच्या तुकड्यावर, आणि तो केव्हाच कुणाला तरी गेलेला. आमच्या तुकड्यावर औषधाचं अर्धं नाव आणि चंदेरी कागद. शेवटी पिठाच्या डब्यामागे खोचलेलं बिल सापडलं. त्यावर बॅच आणि एक्स्पायरी दोन्ही छापलेलं होतं. तेव्हापासून औषधाचं एकही बिल मी फेकलेलं नाही.

ताप नेमका कधी सुरू झाला, हे आईच्या कालनिर्णयवर होतं. दूध, गॅस सिलिंडर, आणि एका चौकटीत ‘ह्यांना ताप, 102’. फॉर्ममध्ये तीच तारीख गेली. पुढे त्या कार्यक्रमाच्या केंद्रातून फोन आला, पुरळ पूर्ण कधी गेलं विचारायला. आईने भिंतीवरचं पान उलटलं आणि तारीख वाचून दाखवली.