वहीत फक्त ‘कुटुंब’ होतं

माझ्या कादंबरीतलं खरं किती आणि पदरचं किती, हे भेटेल तो वाचक विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आमच्याकडे पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला बोलावतात. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी ही नवमी. आमची कोणासाठी, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘सासूबाई करायच्या, म्हणून मी करते,’ एवढंच आजी म्हणायची.

उत्तर सापडलं नाशिकला, तीर्थोपाध्यायांच्या वहीत; विधींसाठी येणाऱ्या घराण्यांची नोंद ते पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात ठेवतात. बोरूनं लिहिलेली मोडी. आधी ओळभर रेघ ओढायची, मग अक्षरं तिला लटकवत जायचं, शब्दांमध्ये जागा नाहीच. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मी मोडी शिकले होते, तरी चार ओळींना अख्खी दुपार गेली. शके 1819, चैत्र वद्य. पणजोबा ‘कुटुंबाच्या अस्थी’ घेऊन आले होते. कुटुंब म्हणजे बायको. आणि भिंतीवरच्या फोटोतली आमची पणजी तर पणजोबांच्या मागे कितीतरी वर्षं जगली. म्हणजे ही पहिली.

तो चैत्र म्हणजे 1897 चा एप्रिल. पुण्यात प्लेग. प्लेग आवरायला नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचे गोरे सोजीर घरोघर झडती घेत होते. रोगी इस्पितळात, घरची माणसं छावणीत. आजारी माणूस लोक लपवून ठेवत.

ती प्लेगनंच गेली, असं वहीत नाही. ते मी धरलं. कादंबरीत सासू तिला माळ्यावर लपवते आणि खाली बुटांचे आवाज येतात, त्या रात्रीला माझ्याकडे कागद नाही. पण देवघर-स्वयंपाकघरापर्यंत शिरणारे शिपाई, जाळलेलं सामान, हे सगळं तेव्हा घडलेलं आहे. माणसांच्या तोंडी मी माझे शब्द घातले. काळाच्या तोंडी नाही. हे पथ्य सोडलं असतं तर मला लिहायचा हक्कच उरला नसता.

सगळ्यात जास्त अडले ते नावाशी. वहीत नाव असतं तरी ते सासरचंच असतं, आईनं हाक मारायचं नाव लग्नातच पुसलेलं. मी तिला दोन्ही नावं दिली. ती पूर्णपणे माझ्या पदरची.

आणि जे वाचकांना हमखास बनवलेलं वाटतं, ते खरं आहे. नवरा गेला की ही नवमी बंद करतात. आमच्याकडे पणजोबा गेले तरी पणजीनं ती थांबवली नाही. जिला कधी पाहिलंही नव्हतं, त्या सवतीसाठी. विधवा म्हणून तिला स्वतःला ओटी भरता येत नसे. सुनेकडून भरून घ्यायची आणि पानं उठेपर्यंत माजघराच्या दाराआड उभी राहायची, असं आत्या सांगते. ते दाराआडचं उभं राहणं मी जसंच्या तसं ठेवलंय.