पालथे निजवल्यावर घरंगळलेला गोळा

वाळपईकडच्या साठीच्या त्या काकी औषधांची पिशवी मांडीवर घेऊनच आत आल्या. नऊ वर्षांपूर्वी क्षयरोगाचा उपचार पूर्ण झालेला. आता बेडक्यातून रक्त आणि वजन सात किलोंनी उतरलेले. बेडका दोनदा तपासूनही जंतू सापडले नव्हते, सीबीनॅट ही क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह होती, तरी एक्स-रेवरच्या डागावरून कुणीतरी चार महिने पुन्हा क्षयाच्याच गोळ्या दिल्या होत्या. जुना क्षय कळला की पुढचा विचारच थांबवायचा, ही आम्हा डॉक्टरांची खोड मला फार खुपते.

सीटी स्कॅनमध्ये क्षयाने मागे ठेवलेल्या पोकळीत एक गोळा आणि त्याच्यावर हवेची चंद्रकोर दिसली. काकींना पालथे निजवून पुन्हा स्कॅन घेतला, तेव्हा तो गोळा घरंगळून समोरच्या भिंतीला टेकला होता. गाठ असती तर जागची हलली नसती. रक्तातील अ‍ॅस्परजिलस या बुरशीविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडेही बरीच वाढलेली निघाली; म्हणजे गोळा बुरशीचा होता. शस्त्रक्रिया सोसण्याइतकी फुप्फुसांची ताकद नव्हती, म्हणून क्षयाच्या गोळ्यांतले रिफॅम्पिसिन थांबवले, त्याच्यामुळे यकृत इतर औषधे झपाट्याने मोडते तो परिणाम ओसरायला दोन आठवडे जाऊ दिले आणि मग इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले.

महिन्याने रक्तातील औषधाची पातळी नगण्य आली. ही कॅप्सूल विरघळायला जठरात आम्ल लागते आणि काकी रोज सकाळी पँटोप्रॅझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, घेत होत्या. त्याचे पाकीट पहिल्या दिवसापासून त्याच पिशवीत होते; मी मात्र तिच्यातून क्षयाच्या गोळ्या तेवढ्या बाजूला काढल्या होत्या. पँटोप्रॅझोल बंद करून कॅप्सूल भरपेट जेवणाबरोबर घ्यायला सांगितल्यावर पातळी वर आली, हळूहळू रक्त थांबले आणि वजनही थोडे भरले.

सहा महिन्यांनी काकींनी विचारले, "आता पुरे ना?" चंडीगढच्या पीजीआय रुग्णालयातील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इट्राकोनॅझोलच्या चाचणीत सहा महिन्यांच्या उपचारानंतर ३८ टक्के रुग्णांत आजार उलटला होता, बारा महिन्यांनंतर १० टक्क्यांत. पोकळीतला गोळा तर अजून तसाच होता. मी आणखी सहा महिने म्हटले आणि या वेळी आठवणीने पिशवी उघडायला लावली. तळाशी गावातल्या फार्मसीतून आणलेले पँटोप्रॅझोलचे नवे पाकीट होते, त्यातल्या चार गोळ्या संपलेल्या.

"मग पोटात जळतं त्याचं काय करू, डॉक्टर?" काकींनी विचारले.