सुईच्या रजिस्टरने पकडलं

आमच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यातली पगारपत्रकं माझ्याकडे असतात. एका खरेदीदाराने एसए ८००० चं, म्हणजे कामगारांना नीट वागवलं जातं की नाही ते तपासणाऱ्या मानकाचं, प्रमाणपत्र मागितलं तेव्हा मला पगाराची धास्ती अजिबात नव्हती. कायद्याच्या किमान वेतनाखाली आमच्याकडे एकही माणूस नव्हता, हेल्परसुद्धा. "बाकीच्यांनी आग लागल्यावर बाहेर पडायच्या दारांचं बघा, माझा कप्पा साफ आहे," असं मी बैठकीत बोलून बसलो. ते वाक्य पुढे बरेच दिवस मला ऐकवलं गेलं.

हे मानक सोशल अकाउंटेबिलिटी इंटरनॅशनल या संस्थेचं, १९९७ पासूनचं. आमच्या वेळी २०१४ ची आवृत्ती होती. प्रमाणपत्र ही संस्था देत नाही, मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थांचे ऑडिटर येऊन तपासतात. किमान वेतन ही त्यात नुसती पहिली पायरी. खरी अट निर्वाह वेतनाची. आठवड्याच्या नेहमीच्या कामातून, म्हणजे जास्तीत जास्त ४८ तासांतून, कामगाराच्या घरच्या मूलभूत गरजा भागल्या पाहिजेत आणि थोडं हाताशी उरलंही पाहिजे. ओव्हरटाइमचे पैसे यात धरायचे नाहीत.

एवढ्या एका अटीने माझं गणित कोसळलं. मी आयुष्यभर 'हातात किती पडतात' हेच बघत आलो होतो. ओव्हरटाइम वजा करून तीच यादी पुन्हा लावली, तर खालच्या तीन श्रेणी उघड्या पडल्या.

मग तुलनेसाठी आकडा हवा. निर्वाह वेतन मोजायची रिचर्ड आणि मार्था अँकर यांची पद्धत आम्ही घेतली. साधं पण पौष्टिक जेवण, राहण्याजोगं घर, मग शिक्षण, औषधपाणी, प्रवास वगैरे, आणि वर अडीअडचणीसाठी साधारण ५ टक्के. ही बेरीज झाली अख्ख्या कुटुंबाची. घरात सरासरी किती जण पूर्णवेळाइतकं कमावतात त्या संख्येने तिला भागायचं. ती १ आणि २ च्या मध्ये कुठेतरी येते. त्यावर सक्तीच्या कपाती चढवायच्या. कागदावर हे सोपं दिसतं. पण 'राहण्याजोगं घर' म्हणजे काय, यावर आमच्या कचेरीत दोन दिवस वाद झाला, आणि वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही हेल्परची खोली पाहिलेली नव्हती. मीही नाही.

आपण देतो त्या पगाराचा आकडा फुगवायचा मोह मलाही झाला. बस, जेवण, गणवेश, हजेरी बक्षीस, निवृत्तीनिधीतला मालकाचा हिस्सा, सगळं मी पगारात घातलं. ऑडिटरबाईंनी शांतपणे एकेक खोडलं. गणवेश कामासाठी लागतो, तो पगार नव्हे. हजेरी बक्षीस खात्रीचं नाही. निवृत्तीनिधीतून या महिन्याचं भाडं देता येत नाही. बस आणि जेवण राहिलं, तेही मर्यादेतच.

तपासणीत त्यांनी वर्षातले तीन महिने निवडले: सर्वांत गर्दीचा, सर्वांत मंदीचा आणि नुकताच सरलेला. हजेरीपट आणि पगारपत्रक तंतोतंत जुळत होतं. मी मनातल्या मनात हुश्श केलं. तेवढ्यात त्यांनी तुटलेल्या सुयांचं रजिस्टर मागितलं. कापडात तुकडा राहू नये म्हणून प्रत्येक तुटलेली सुई तारखेसह त्यात चिकटवलेली असते. गर्दीच्या महिन्यात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चार सुया तुटल्या होत्या. हजेरीपटावर त्या दिवशी कारखाना बंद.

तो दिवस आम्ही वेगळ्या वहीत लिहून रोख चुकता केला होता. एक पैसा बुडवला नव्हता, हे मी दोनदा सांगितलं. "कोणत्या दराने?" त्यांनी विचारलं. साध्या दराने. जादा कामाचा वाढीव दर लावलाच नव्हता, आणि आठवड्याला १२ तासांची ओव्हरटाइमची मर्यादाही त्या दिवसाने ओलांडली गेली होती.

कामगारांच्या मुलाखती बंद खोलीत झाल्या, आमच्यापैकी कोणी आत नाही. सुपरवायझरने आधीच सगळ्यांना 'काय सांगायचं' ते पढवलं होतं. पाच जणांनी शब्दाशब्दाने तेच वाक्य म्हटल्यावर सहाव्याला पगाराचं विचारलंच नाही. महिनाअखेरीला घरात काय करता, एवढंच विचारलं. तो उसनवारीचं बोलला. हे मला समारोपाच्या बैठकीत कळलं, नाव न घेता.

निकाल: दुसऱ्या वहीबद्दल मोठी त्रुटी, वेतनातल्या तफावतीबद्दल वेगळी. रोख दिलेल्या दिवसांचा फरक आम्ही थकबाकी म्हणून दिला आणि ती वही कायमची बंद केली. निर्वाह वेतनापर्यंत जायला टप्प्यांचा, तारखा घातलेला आराखडा बनवला. त्यात सफाईच्या ठेकेदाराची माणसं घ्यायला मालक तयार नव्हते. ती आपल्या पगारपत्रकावर नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण ती रोज आमच्याच फरशा पुसतात, त्यामुळे तो वाद आम्ही हरलो. हरलो तेच बरं झालं, पण हे मी मालकांपुढे अजून बोललेलो नाही.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मधल्या काळात न सांगताही तपासणी होऊ शकते. पहिल्या टप्प्याची वाढ दिली, दुसरीची तारीख आराखड्यात आहे. आता पगारपत्रकावर सही करण्याआधी मी सुयांचं रजिस्टर मागवतो. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशीची एक सुई सापडली. चौकशी केली, तर तारीख लिहिताना चूक झालेली निघाली. निदान लाईनवाला तसं म्हणतो. गेटवरची नोंदवही अजून बघायची आहे.