पाणी येते तिथलोक हिरवं

शहराच्या विकास योजनेवर हरकत घेणारा माणूस सहसा आपल्या जमिनीत पाणी येतं हे कबूल करत नाही. नाल्याकाठचा शेतकरी असो की ले-आऊट पाडणारा, अर्जातलं वाक्य ठरलेलं असतं: "आमच्या शेतात आजपर्यंत कधीही पुराचे पाणी आलेले नाही." मी नगररचना खात्यात रचना सहायक म्हणून काम करते आणि अशा हरकती वाचून दाखवणं हे माझ्या कामातच येतं. म्हणून त्या दिवशी फाइलमधून जो कागद निघाला, तो मी मोठ्यानं वाचण्याआधी मनात पुन्हा एकदा वाचला. एका सूनबाईनं सासऱ्याच्या वतीनं लिहिलेला, निळ्या शाईतला, ओळी थोड्या तिरप्या गेलेला. त्यात होतं: "सदर शेतात पुराचे पाणी येते हे आम्हास मान्य आहे, परंतु पूर्ण शेतात येत नाही. जिथपर्यंत येते तिथपर्यंतच हिरवा पट्टा ठेवावा ही विनंती."

वर्धा नदीच्या खोऱ्यातलं एक लहान नगरपरिषदेचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथल्या काही लोकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हद्दवाढ होऊन आजूबाजूची वावरं नगरपरिषदेत आली होती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे सुधारित योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं होतं. कलम २६ खाली हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात, ते संपले होते आणि सभागृहात नियोजन समिती बसली होती. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्याबरोबर नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. आमच्या समितीतल्या जाणकारांत पाटबंधाऱ्यात आयुष्य घातलेले एक निवृत्त अभियंता होते. पुढचं बरंचसं त्यांच्यामुळे घडलं.

सकाळचा वेळ नेहमीसारखाच गेला. कुणाच्या घरावरून बारा मीटरचा रस्ता गेलेला, कुणाच्या तीन एकरांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण, कुणाला शेजाऱ्याचं पिवळं आणि आपलं हिरवं का, याचा राग. पिवळं म्हणजे रहिवास, हिरवं म्हणजे शेती किंवा मोकळं. हे रंग आता गावातल्या पोरासोरांना पाठ आहेत, कारण पिवळ्याचा भाव चौरस फुटानं होतो आणि हिरव्याचा एकरानं.

निळ्या शाईच्या त्या अर्जाचे काकाजी आले ते सुनेला पुढे करून. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, जुना फेरफार आणि झोन दाखला, म्हणजे जमीन नकाशात कुठल्या रंगात येते ते सांगणारा कागद. चार एकरांचं वावर, एका बाजूला डांबरी सडक, दुसऱ्या बाजूला नाला. सडकेच्या बाजूला मुलाला तुरीची दालमिल टाकायची होती. बँकेनं झोन दाखला मागितला, दाखल्यावर नाल्याकाठचा हरित पट्टा निघाला आणि कर्जाची फाइल तिथंच थांबली.

मी नकाशा पसरला आणि सर्व्हे नंबरावर बोट ठेवलं. चारही एकर हिरवे. हिरव्याची कड शेताच्या धुऱ्यावरून अगदी सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी गेलेली. प्रारूप तयार झालं तेव्हा त्या नाल्याची प्रमाणित पूररेषा हातात नव्हती, म्हणून हिरवा पट्टा सर्व्हे नंबरच्या हद्दीपर्यंत नेऊन टेकवलेला होता. पाणी काही सातबारा पाहून थांबत नाही, पण नकाशावर अशी कड नीटस दिसते आणि वाद कमी होतील असंही वाटतं.

समितीतल्या एका सदस्यानं विचारलं, "काकाजी, पाणी येतं म्हणता, मग हिरव्याला हरकत कशाची?"

"म्या कवा म्हणलं येत नाई म्हणून? येते जी. खालतच्या दोन एकरात येते. थितं म्या घर नाई बांधलं, पोराले बी बांधू देणार नाई. पर सडकीच्या अंगानं वावर उचावर हाय. तितलं काऊन अडकवता?"

सूनबाईनं फोन पुढे केला. जुलै २०२२ चा व्हिडिओ. त्या पावसाळ्यात वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांत पुरानं काय केलं, ते इथं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पडद्यावर गढूळ पाणी, वाहून जाणारी पऱ्हाटी आणि मागून तिचाच आवाज: "मामाजी, विहिरीपर्यंत आलं, इकडं या." व्हिडिओत सडक कोरडी दिसत होती. पण व्हिडिओवरून उंची ठरत नाही, आणि पुराच्या बाबतीत मी कुणाच्या भावनेवर किंवा माझ्या भावनेवर रेष हलवणार नाही. आमच्या भागात पूर म्हटलं की मोवाड आठवतं. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पाण्यानं त्या गावात दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यामुळे नाल्याकाठी बांधकामाला मर्यादा असायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती वेगळ्या गोष्टीची, आणि ती मी त्या दिवशी समितीपुढे बोलले. आरक्षण आणि झोन यांत एक मोठा फरक आहे, जो सामान्य जमीनमालकाला कुणी समजावून सांगत नाही. तुमच्या जमिनीवर शाळेचं किंवा बागेचं आरक्षण पडलं, तर कायद्यानं तुमच्या हातात काहीतरी दिलेलं आहे. अंतिम योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. चोवीस महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही पावलं म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे, प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेनं टाकलेलं पाऊल, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सांगितलं. जमीन घेतली तर मोबदला आहे, नाहीतर टीडीआर आहे, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. लहान गावात टीडीआर घेणारं गिऱ्हाईक मिळत नाही ही गोष्ट वेगळी, पण कागदावर तरी आहे. हिरव्या झोनचं तसं नाही. त्याला मोबदला नाही, मुदत नाही, दहा वर्षांनी तो आपोआप सुटतही नाही. जमीन मालकाच्याच नावावर राहते, शेतसारा तोच भरतो, आणि मर्यादा कायम राहते ती पुढची सुधारित योजना येईपर्यंत. कायद्यानं ती वीस वर्षांतून एकदा यायची. म्हणून ज्या मर्यादेचा एक पैसा आपण देत नाही, ती रेष निदान मोजून तरी ओढली पाहिजे. हे मालकावर केलेले उपकार नाहीत, तेवढं आपण त्याचं देणं लागतो.

अभियंता साहेब ऐकून घेत होते. म्हणाले, "दुपारच्या हरकती उद्यावर न्या. लेव्हल आहे ना गाडीत?" लेव्हल म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण.

सुनावणी सोडून समिती वावरात गेल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. सदस्य, आमचा मोजणीवाला, काकाजी, सूनबाई आणि आजूबाजूचे पाचसहा कास्तकार पांदणीनं चालत निघालो. खालच्या दोन एकरात हरभरा होता, वर शेवटच्या वेच्याला आलेली पऱ्हाटी. काकाजी सरळ नाल्याकडच्या एका बाभळीशी गेले आणि बोटानं खोड दाखवलं. माझ्या खांद्याच्या खाली, सालीच्या भेगांत राखाडी गाळ सुकून बसलेला होता, आडवा, खोडाला वेढून. वर बेचक्यात पऱ्हाटीच्या काड्या, एक तुटलेली चप्पल आणि खताच्या पोत्याचा निळा तुकडा अडकलेला. विहिरीच्या थारोळ्यालाही तशीच गाळाची रेष. दोन खुणांची पातळी लावून पाहिली तर जेमतेम बोटभराचा फरक निघाला. अभियंता साहेब गुडघ्यावर बसून थारोळ्याची रेष नखानं खरवडून पाहत होते.

धुऱ्यावर तिपाई लावली. मोजणीवाला स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी, घेऊन वर वर जात राहिला आणि मी रीडिंग लिहीत राहिले. सडकेकडचा सव्वा-दीड एकराचा तुकडा गाळाच्या रेषेच्या एक मीटरहूनही जास्त वर होता. काकाजी खरं बोलत होते.

अर्थात, एका पुराची खूण म्हणजे निळी रेषा नव्हे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यासाठी पाणलोट किती, पाऊस किती, नाल्याचा काटछेद कसा, पुढे सडकेखालच्या मोरीतून किती पाणी निघतं, हे सगळं गणित लागतं आणि ती रेषा जलसंपदा विभागानं प्रमाणित करायची असते. निळ्याच्या आत बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोतं पुराच्या पातळीच्या वर घेण्याच्या अटीवर करता येतं. हे मी काकाजींना तिथंच सांगितलं, कारण लेव्हल पाहून त्यांना वाटलं होतं की काम झालं.

मग अभियंता साहेबांनी पुढच्या मोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "सडकेच्या पलीकडे काय आहे?"

पलीकडे ले-आऊट होता. मुरूम टाकून सपाट केलेली जमीन, चुन्याच्या रेघा, कोपऱ्यावर गेरूनं नंबर लिहिलेले सिमेंटचे दगड. अकृषक परवानगी अजून व्हायची होती, पण प्रारूपात तो भाग पिवळा दाखवलेला, तेवढ्या भांडवलावर प्लॉटांचे इसार होऊन गेले होते. घेणारे कोण? शिक्षक, एसटीचे वाहक, जिनिंगमधले कामगार.

मोरीच्या नळ्यांत निम्म्यापर्यंत गाळ आणि काटक्या ठासलेल्या. मोजणीवाल्यानं ले-आऊटच्या मागच्या रस्त्यावर स्टाफ उभा केला. मी रीडिंग घेतलं, खात्रीसाठी पुन्हा घेतलं. टाकलेल्या मुरुमासकट ती जागा बाभळीवरच्या रेषेच्या वीतभर खाली होती.

कुणी काही बोललं नाही. काकाजींनीच सांगितलं, "तिथं अगोदर लवण होती जी, खोलगट जागा. नाला भरला का पाणी तिकून फिरे. आमी तिथं ढोरं चारत होतो." मी गाडीतून जुना गावनकाशा काढला. त्यात नाल्याला येऊन मिळणारा एक बारीक ओहोळ स्पष्ट होता. वहितीत आणि नंतर मुरुमाखाली तो बुजला होता आणि प्रारूपाच्या नकाशावर आलाच नव्हता.

थोडं चालल्यावर काकाजी माझ्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, "बाई, आता याच्यापाई माह्यं बी थांबन का?"

हा प्रश्न स्वार्थाचा होता असं मला वाटत नाही. कार्यालयांत काय होतं ते या माणसाला माहीत होतं. एका हरकतीतून दुसरा मोठा गुंता निघाला की दोन्ही फायली एकाच दोऱ्यात बांधून ठेवायच्या, हे आपल्याकडे सर्रास होतं. खरं बोलून मोजणी मागणाऱ्या माणसालाच त्याची शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी सगळे पुन्हा "कधीही पाणी आलेले नाही" असंच लिहितील, आणि आम्हाला बाभूळ दाखवायला कोणी येणार नाही. मी समितीला तशी टिप्पणी लिहून दिली: दोन्ही बाबी स्वतंत्र ठेवाव्यात, आणि दोन्हीकडे पूररेषा मात्र एकाच मोजणीतून यावी.

समितीनं ते मान्य केलं. ले-आऊटच्या जमीनमालकाचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन बराच वेळ तावातावानं बोलला. त्याचं एक म्हणणं मला रास्त वाटलं: प्रारूप पिवळं दाखवणारे तुम्हीच. त्याची बाजूही कार्यवृत्तात नोंदवली. अहवाल पुढे गेला, जलसंपदाकडून रेषा आली आणि काकाजींच्या बाभळीपासून ती फार लांब नव्हती. शासनानं योजना मंजूर करताना त्यांच्या वावराचा सडकेकडचा तुकडा हरित पट्ट्यातून काढला, खालचे दोन एकर आणि त्याला लागून थोडा भाग तसाच ठेवला. त्यांच्या अपेक्षेपेक्षा थोडं कमी मिळालं. सूनबाईनं नवा झोन दाखला नेला, तेव्हा दालमिलच्या शेडचा आराखडाच बरोबर आणला होता.

ले-आऊटचा मागचा पट्टा मंजुरीतून वगळला गेला. आमच्याकडे त्याला ईपी म्हणतात, म्हणजे वगळलेला भाग. बदल मोठा असल्यामुळे तो पुन्हा प्रसिद्ध करून नव्यानं हरकती मागवाव्या लागतात. पहिली हरकत एका एसटी वाहकाची आली: प्रारूपात पिवळं पाहून इसार दिला, आता आम्ही काय करायचं? त्याच्या सुनावणीला मी लेव्हलचं रीडिंग बुक आणि प्रमाणित रेषेचा नकाशा दोन्ही घेऊन गेले. निळी रेषा त्याच्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातून जाते, पुढचा भाग निळ्या-लाल रेषांच्या मध्ये येतो, तिथं जोतं उंच घेऊन घर होऊ शकतं, हे त्याला बोट ठेवून दाखवता आलं. त्याच्या मागच्या ओळीतल्यांना ते दाखवता आलं नाही. ते प्लॉट पूर्ण निळ्या रेषेच्या आत आहेत, आणि त्यांच्या इसाराचे पैसे परत कोण देणार, हे अजून कुणीही लिहून दिलेलं नाही.