हा गोंगाट नेमका कोणाचा?

रुबिडियमची वाफ भरलेली काचेची बंद नळी, तिच्यातून जाणारा लेसरचा बारीक झोत आणि पलीकडे दोन प्रकाशसंवेदक एवढ्या साहित्यावर अणूंच्या स्पिनचा (अणूला छोट्या चुंबकासारखे वागायला लावणाऱ्या त्याच्या अंगभूत फिरकीचा) गोंगाट, म्हणजे त्याचे आपोआप होणारे बारीक चढउतार, मोजता येतो, हे मला बरेच दिवस खरे वाटत नव्हते.

स्पिन कोणत्याही दिशेने रांगेत उभे केलेले नसले, तरी त्यांची बेरीज दर क्षणी नेमकी शून्य येत नाही. शिल्लक साधारणपणे त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी उरते, हे भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी १९४६ मध्येच मांडले होते. झोताच्या वाटेत हजार कोटी अणू असतील, तर ही शिल्लक लाखभराची, म्हणजे लाखात एक. तेवढ्याने ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल फॅराडे परिणामामुळे, म्हणजे चुंबकत्वाने हे प्रतल वळत असल्यामुळे, किंचित डावीउजवीकडे डोलते, आणि संवेदकांवरील प्रकाशाच्या फरकात ते डोलणे उमटते.

अडचण अशी, की लेसरचा स्वतःचा गोंगाट याहून बराच मोठा असतो. मग स्पिनचा कोणता, हे ओळखायचे कसे? झोताला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, की स्पिन त्याभोवती ठरावीक वारंवारतेने फिरू लागतात आणि गोंगाटाच्या आलेखात त्या वारंवारतेवर शिखर उठते. एक गाऊस क्षेत्रात रुबिडियम-८५ या समस्थानिकाचे शिखर सुमारे ४६७ किलोहर्ट्झला, तर रुबिडियम-८७ चे ७०० किलोहर्ट्झला दिसते. क्षेत्र दुप्पट केले, की दोन्ही शिखरे दुप्पट वारंवारतेवर सरकतात आणि बाकीचा गोंगाट जागचा हलत नाही, म्हणून वेगळ्या क्षेत्रातले मोजमाप वजा केले, की स्पिनचे तेवढे हाती लागते. मला पटले ते इथे.

१९८१ मध्ये अलेक्सांद्रोव्ह आणि झापास्की यांनी सोडियमच्या अणूंवर हे करून दाखवले, आणि २००४ मध्ये अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेच्या गटाने रुबिडियम व पोटॅशियमच्या वाफेवर. पुढच्याच वर्षी जर्मनीत हॅनोव्हरला गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातील इलेक्ट्रॉनांची पाळी आली. तिथे फोटॉनची ऊर्जा ऊर्जा-अंतरापेक्षा (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा) कमी ठेवली, की प्रकाशामुळे नवे इलेक्ट्रॉन फारसे तयार होत नाहीत, आणि शिखराच्या रुंदीवरून स्पिन किती काळ टिकतो ते काढता येते. आपल्याकडे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत रुबिडियमवर असे प्रयोग झाले आहेत.

या पद्धतीत स्पिनला धक्काच लागत नाही, असे सर्रास लिहिले जाते. ते मला थोडे सैल वाटते. लेसर अनुनादापासून (अणू प्रकाश सर्वाधिक शोषतात त्या वारंवारतेपासून) दूर नेला, की शोषण या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि प्रतलाचे वळणे केवळ अंतराच्या प्रमाणात, त्यामुळे धक्का कमी होतो, पण शून्य होत नाही. झोताची तीव्रता वाढवत नेली, तर तेच शिखर पसरू लागते.