कडू झालेली मोसंबी

दुपारी काढलेला मोसंबीचा रस दोन तासांनी तोंडाला लावला की कडू लागतो. हे घरोघरी ठाऊक आहे, म्हणून तर "लगेच प्या, ठेवू नका" असं बजावूनच ग्लास हातात दिला जातो. राहिलाच तर मोरीत. श्रावण धरलेल्या माणसाने मात्र तो ग्लास मोरीत जाऊ देऊ नये.

गटारी झाली, बाटल्या कपाटाच्या मागच्या खणात गेल्या, की पहिल्या चार-पाच संध्याकाळी घरचे मोठ्या मायेने सरबतं पुढे करतात. गुलाब, खस, कैरीचं बाटलीतलं पन्हं, सगळं गोडमिट्ट. ते दोन घोटांत संपतं आणि माणूस आठ वाजता पुन्हा रिकाम्या हाताने गॅलरीत. पिणाऱ्याला नशा हवी असते हे खरंच. पण एका ग्लासावर पाऊण तास काढायचीही त्याला सवय झालेली असते. त्यासाठी घोट जिभेला जरा नडायला हवा. कडू, आंबट, झणका, गारवा, कशाने तरी अडायला हवा. साखर अडवत नाही, ढकलते. हॉटेलातल्या निळ्या सिरपच्या, छत्री खोचलेल्या मॉकटेलचं दुखणं हेच. वर किंमत अशी, की त्यात खरी आली असती.

तर मोसंबी. जालना, अंबड, पाचोड भागातली आंबे बहाराची फळं साधारण श्रावणाच्या आगेमागे बाजारात उतरू लागतात. सालाखालचा पांढरा भाग, फोडींचे पापुद्रे आणि बिया यांत एक बेचव पदार्थ असतो. रसातल्या आम्लात सापडला की तो हळूहळू कडू होत जातो. म्हणजे कडवटपणा किती हवा हे आपल्या हातात आहे. हाताच्या यंत्रावर रस काढून गाळला आणि तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवला, तर जिभेच्या मागच्या बाजूला जाणवेल इतपतच कडू होतो. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवला तर काढ्यासारखा होतो आणि मग त्याला कोणी वाचवू शकत नाही.

असा रस १०० मिली. मोसंबीला स्वतःचा आंबटपणा बेताचाच, म्हणून अर्ध्या लिंबाचा रस. आलं किसून पिळायचं आणि तो रस दहा मिनिटं वाटीत तसाच ठेवायचा; तळाशी पांढरा साका बसतो, तो सोडून वरचा एक चमचा घ्यायचा. साका पेयात गेला की घशाशी पिठूळ लागतं. चिमूटभर पादेलोण याच मिश्रणात आधी विरघळवायचं. बरेच जण ते वरून, सोडा ओतल्यावर टाकतात. मग प्रत्येक कणाभोवती वायू सुटतो, फेस टेबलावर येतो आणि ग्लासात नुसतं पाणी उरतं. सोडा १५० मिली, फ्रीजमधून काढलेला, सगळ्यात शेवटी, ग्लास तिरपा धरून. कोमट सोड्यात वायू टिकत नाही, कितीही बर्फ घाला. बर्फही दोन मोठे खडे. चुरा पाच मिनिटांत पाणी करतो. ग्लास काचेचा, जो संध्याकाळी बसताना निघायचा तोच. स्टीलच्या पेल्यात हे प्यायचं असेल तर पिऊच नये, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

मिरचीचा मोह होतो. पण मिरचीचा तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही. तेलातुपात उतरतो, दारूतही उतरतो. सोड्यात मिरची चिरून टाकली तर वास हिरवा येतो आणि झणका येत नाही. ती मठ्ठ्यासाठी राखावी. साय न काढलेल्या दुधाचं ताक, त्यात ठेचलेली मिरची, आलं, भाजलेलं जिरं, आणि अर्धा तास मुरू द्यायचं. सोबत खारे शेंगदाणे. चखण्याला श्रावण नसतो.

सगळ्यात जुनी तोड मात्र लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात निघते. आंबील. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ कपभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी दोन कप पाण्याला मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून उकळी आणायची आणि ते आंबलेलं पीठ बारीक धारेने सोडत ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या. पूर्ण निवल्यावर पुन्हा ताक घालून सैल करायची. गरम असताना ताक घातलं तर फाटतं. भज्जी-रोडग्याच्या जेवणावर दोन तांबे आंबील रिचवून बांधावरच्या झाडाखाली आडवे झालेले पुरुष पाहिले, तर बाकी कशाची गरज का पडावी, असा प्रश्न पडतो.

शहरात आता बिनदारूची बिअर मिळते. आधी रीतसर बिअर करून तिच्यातली दारू काढून घेतात, किंवा आंबवणंच मध्येच थांबवतात. दुसऱ्या प्रकारची गोडसर लागते, ओल्या पावासारखी. लेबल वाचून घ्यावं: आपल्या नियमांनी ०.५ टक्क्यांपर्यंतच्या पेयाला मद्य म्हणत नाहीत, म्हणजे शून्य असेलच असं नाही. आणि पाणी तिलाही तेवढंच लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती. मोसंबीही काही साधुसंत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात लोकांनी टँकर विकत घेऊन बागा जगवल्या, आणि ज्यांना ते झेपलं नाही त्यांच्या बागा उभ्या वाळल्या.

हे सगळं शनिवारी-रविवारी बसणाऱ्यांसाठी. ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते, त्याने श्रावणाच्या नावाखाली एका दिवसात थांबवू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांतच हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, नाही ते दिसायला लागतं, फिटही येते. यात माणूस दगावू शकतो. त्याला सरबत देत बसू नका, दवाखान्यात न्या. औषधाखाली दारू सोडवता येते, सरकारी दवाखान्यातसुद्धा.