नुसतं वाजतंय

दातांच्या दवाखान्यात नंबर यायचा होता. छतातल्या स्पीकरमधून गिटार वाजत होती आणि आमच्यापैकी कोणी ती ऐकत नव्हतं. मग कान टवकारले. अरे, हा तर जॉर्ज बेन्सन, अमेरिकेतला जॅझ गिटारवाला! त्याचा ‘ब्रीझिन’ अल्बम, १९७६.

लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की वाद्यसंगीत लावायचे. बहुतेकदा गिटारवर सिनेमाचं गाणं. आजी स्वयंपाकघरातून विचारायची, “काय लागलंय हो?” बातम्यांसाठी खुर्ची ओढून बसलेले आजोबा म्हणायचे, “काही नाही, नुसतं वाजतंय.” मी मात्र रेडिओला कान लावून बसायचो. धून रंगात आली की कोणीतरी आवाज हळूहळू कमी करायचं आणि बातम्या सुरू. कितीतरी गाण्यांचे शेवट मला अजून ठाऊक नाहीत. त्याचाच परिणाम असेल, वाजती धून अर्धी टाकून मला उठवत नाही. रिक्षावाल्याला पैसे देऊन झाले तरी मी आत बसलेलाच. घरचे याला खूळ म्हणतात. म्हणोत.

तर ‘ब्रीझिन’. हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण, निर्माता टॉमी लिपुमा, मागे संयोजक क्लाउस ओगरमनची गुळगुळीत व्हायोलिनं. एकूण सहा तुकडे, त्यातल्या पाचांत नुसती गिटार. सहाव्यात, लिऑन रसेलच्या ‘धिस मास्करेड’मध्ये, बेन्सन गातो, आणि गाता गाता बोटांनी तेच सूर गिटारवर काढत जातो. वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं ते या गायलेल्याला! म्हणजे आजोबा अमेरिकेतही होतेच. अल्बम जॅझ, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) आणि पॉप अशा खपाच्या तिन्ही याद्यांत पहिला आला आणि जॅझवाल्यांनी नाकं मुरडली. बैठकीतला गवई सिनेमात गेल्यावर आपल्याकडे मुरडतात तशीच.

मलाही ती व्हायोलिनं जरा जास्तच वाटतात. पण बेन्सनचा उजवा हात ऐका. इतक्या वेगात एकेक सूर सुटा आणि गोल.

नाकं मुरडायची सवय जुनीच. बेन्सन ज्याला मानायचा तो वेस माँटगोमेरी इंडियानापोलिसचा. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात गिटार. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, सोडून अंगठ्यानं वाजवायला लागला, आणि तो मऊ आवाजच त्याची ओळख झाला. शेवटच्या वर्षांत तो निर्माता क्रीड टेलरकडे व्हायोलिनांच्या ताफ्यासोबत पॉप गाणी वाजवायचा. ती खपली, आणि जाणकार हळहळले. घर चालवायचं असतं हे जाणकारांना कोण सांगणार. १९६८ च्या जूनमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं वेस गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी टेलरनं पंचविशीतल्या बेन्सनला हाताशी घेतलं. बाजारात जागा रिकामी झाली होती, दुसरं काय.